अर्ध्या गल्लीची अक्षत

सोलापूर,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय वैजू,

आधी तक्रार नोंदवून घे. बार्शीहून तू पाठवलेले सांडगे सुखरूप पोचले. परंतु ज्या वर्तमानपत्रात ते बांधले होतेस, त्यातलं शब्दकोडं तू आधीच सोडवून टाकलेलं होतंस. तेही शाईनं! ज्येष्ठ बंधूला कोरी कोडी पाठवावीत असं कुठल्याच स्मृतिकारानं लिहिलेलं नाही, हे मान्य. पण ती त्यांची गफलत समज आणि पुढच्या खेपेला सांडगे जाहिरातींच्या पानात बांध.

सईचं लग्न तोंडावर आलंय. सरोजिनी घरातल्या घरात धावते आहे आणि मी तिच्या पायात येतो असं तिचं मत आहे. म्हणून मला बाहेरचं काम मिळालं, गल्लीत अक्षत देण्याचं. पत्रिका सगळ्यांच्या फोनवर कधीच गेल्या. पण आपल्या कसब्यात फोनवरची पत्रिका म्हणजे नुसती बातमी, आमंत्रण नव्हे. घरच्या कर्त्यानं उंबऱ्याशी जाऊन हातावर अक्षता ठेवाव्यात, माणसांची नावं घ्यावीत आणि 'चूलबंद या' म्हणावं, तेव्हा कुठं त्या घरची चूल त्या दिवशी थंड राहते.

क्रमही चुकून चालत नाही. पहिली अक्षत सिद्धेश्वराला, मग तेल्यांच्या घरी. प्लेगात सगळा कसबा गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेला, तेव्हा त्यांचा पणजा रोज येऊन गल्लीतल्या दिव्यात तेल घालायचा, म्हणून तो मान. मग तेलुगू विणकरांचं घर. मिलचा भोंगा बंद पडला त्या वर्षी त्यांनी आपले माग चालवून गल्लीतल्या किती जणांना कामाला लावलं. मग गुरुबसप्पांचं. आपल्या गल्लीचा इतिहास म्हणशील तर तो एवढाच, कुणाच्या दारी आधी जायचं. आप्पांनी तो माझ्याकडून संथेसारखा घोकून घेतला आणि तू दाराआड उभी राहून माझ्या नाकातल्या आवाजाची नक्कल करायचीस.

तर परवा संध्याकाळी निघालो. तेल्यांकडे चहा झाला, विणकरांकडे परत चहा झाला. गुरुबसप्पांच्या ओट्यावर पाय ठेवतो तोच गुरम्मा आतून म्हणाली, "बर्री मास्तर, कूड्री, या बसा. सईचं लगीन न्हवं का!" मी तिच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि माझ्या नेहमीच्या थाटात म्हणालो, "गुरुबसप्पांना सांगा, चूलबंद यायचं. आणि या खेपेला जिलबीवर जरा दया दाखवा म्हणावं, वऱ्हाडाला उरू द्या."

सून दारात होती. तिचा चेहरा उतरला. गुरम्मानं तिच्याकडे न बघताच सांगितलं, "पानी आन गं मास्तरांना." मग अक्षता मुठीत मिटून मला म्हणाली, "सांगते की."

ओट्यावरून उतरताना मला आठवलं. गुरुबसप्पा वैशाखातच गेले, वैजू. त्यांना माती देताना मी तिथं होतो. मूठभर माती मीही टाकली होती.

पुढच्या घरी मी गेलो नाही. अर्ध्या गल्लीला अक्षत मिळालेली नाही आणि सरोजिनीला मी 'झालं सगळं' म्हणून सांगितलंय. उरलेल्या अक्षता अमरकोशामागे दडवल्यात. शाळेला आता मागच्या बोळानं जातो, गुरम्माचं दार वाटेत लागू नये म्हणून. ती रागावली असती, तर तोंड दाखवायला जागा राहिली असती. तिनं मला सांभाळून घेतलं. लाज वाटते ती त्याची.

हे एकदाच घडलं असतं, तर थट्टेवारी नेलं असतं. गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात, वर्षानुवर्षं शिकवलेल्या श्लोकाच्या मधेच थांबलो. पुढचा चरण आलाच नाही. मुलांना वाटलं, सर परीक्षा घेतायत. एकीनं उभं राहून तो पूर्ण केला आणि मी तिला शाबासकी दिली.

फोन केला असता, पण फोनवर बोलताना सरोजिनी जवळपास असते. आप्पांचं असंच सुरू झालं होतं, हे तुला आणि मलाच ठाऊक. ती या घरात आली तेव्हा आप्पा गेलेले होते, आणि आपण तिला 'म्हातारपण' एवढंच सांगितलं. तू चार दिवस आधी ये. उरलेल्या दारांना माझ्याबरोबर चल, नावं तू घे, मी अक्षता ठेवीन. मग मला डॉक्टरकडे ने. सरोजिनीला कसं सांगायचं, सईच्या सासरी सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझ्यानं होत नाही. आप्पा शेवटी शेवटी मला हात जोडून, फार अदबीनं विचारायचे, "आपण कोणाकडचे?" मला मरणाची भीती नाही वाटत, वैजू. पाठवणीच्या वेळी सई पाया पडायला वाकेल आणि मी तिला तेच विचारीन, याची वाटते.

तुझाच,
कमलाकरदादा