घोंगडी पांघरून चंडोल बघायला गेलो, त्याची हकिकत

बाळीवेस, सोलापूर
महाशिवरात्रीनंतरचा सोमवार

मल्लिनाथ अण्णांना प्रभुलिंगचा शरणु शरणार्थी.

(तुला अण्णा म्हणायची सवय नाही. पण तू वयानं थोडा मोठा आणि आता परदेशी राहणारा, तेव्हा पहिल्या ओळीपुरता मान घे. पुढं तू मल्ल्याच.)

तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावतोस का? नैरोबीला सकाळी गारठा असतो म्हणालास, तर कानाला मफलर बांधत जा. चि. युवराज, सूनबाई आणि नातवंडं मजेत असतील. इकडं मी बरा, चंद्रिका माझ्याहून बरी. फोन सोडून पत्र का लिहिलं म्हणशील, तर हल्ली फोनवर तुझा आवाज फार तुटक येतो. आपल्याकडचं नेटवर्क बिघडलंय. (त्याच फोनवर चंद्रिकेला तुझा शब्दन् शब्द ऐकू येतो, हे कसं काय, मला समजलेलं नाही.) हा कागद लिहून झाला की ती त्याचा फोटो काढून तुला पाठवणार आहे.

आता कामाचं. तुझा निरोप मिळाला. काशम्मा वहिनी गेल्यावर युवराजनं तुला चार दिवस म्हणून नेलं, आता तू कायमचं तिकडंच राहायचं म्हणतोस, आणि आमच्याकडं ठेवलेली तुझी दुर्बीण कुणा लायक माणसाला देऊन टाक म्हणतोस. ठीक आहे. तुझं बरोबरच आहे. हितं एकट्यानं भाकरी भाजत बसण्यापेक्षा तिकडं नातवंडांत राहिलेलं चांगलं, आणि शिवाय तिथं फाटकातून बाहेर पडलं की जिराफ. तू पाठवलेले फोटो बघितले. सिंह बघितला, मला काही वाटलं नाही. जीपमध्ये बसून सिंह कुणीही काढेल. पण गवतात उभ्या असलेल्या त्या मोठ्या पक्ष्याचा फोटो तू पाठवलास ना, कोरी बस्टर्ड, खाली लिहिलंस "आपल्या माळढोकाचा चुलतभाऊ", तो बघून मला जेवण गेलं नाही. तीच मान, तोच रुबाब. आपण दोघं माळावर पोटावर पडून माळढोक बघितला, तो शेवटचा ठरेल हे तेव्हा कुणाला माहीत होतं? तुला त्याचा चुलतभाऊ तरी भेटला. मला खूप हेवा वाटला, आणि मग नुसतंच वाईट वाटत राहिलं.

असो. लायक माणूस शोधायला मी लगेच सुरुवात केली. शेजारच्या सोमलिंगला दुर्बीण दाखवली, तर त्यानं ती उलटी धरली आणि म्हणाला, छान आहे, सगळं लांब गेलं. मग आमच्या हास्य क्लबातले मल्लप्पा आले. पक्षी बघतो म्हणाले आणि समोरच्या गच्चीवर कुणाकुणाच्या वाळवणात काय काय आहे ते सांगायला लागले. तेव्हा ठरवलं, माळावर जावं. लायक माणूस निघाला तर तिथंच निघेल. स्कूटर काढली, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली (सवयीनं दोघांची), आणि बोरामणीच्या पुढं गेलो. गवत वाळून सोनेरी झालं होतं आणि एका दगडावर डोंबारी चंडोल बसला होता. तुला आठवत असेल, वर जातो, पंख मिटून दगडासारखा पडतो, जमीन यायच्या आत सावरतो, परत वर. हा खेळ कॅमेऱ्यात पकडायचं आपलं किती वर्षांचं राहिलंय.

आता आपलं जुनं निरीक्षण असं की, पाखरं शर्ट-पँटला भितात, धनगराला भीत नाहीत. जवळच हरिबाची मेंढरं चरत होती. (हरिबा म्हणजे आपल्याला नेहमी ताक पाजायचा तोच.) मी त्याची घोंगडी मागून घेतली, डोक्यावरून ओढली, कॅमेरा आत धरला आणि वाकून निघालो. हरिबा काहीतरी बोलला, मी मान हलवली. पाच-पंचवीस पावलं गेलो. पाखरू हलेना. काय सांगू मल्ल्या, मला वाटलं, आजवर फुकट कपडे घालून हिंडलो. अगदी जवळ पोचलो, श्वास धरला, आणि ते भुर्रकन उडालं. मागं वळून बघतो तर सगळा कळप माझ्या मागं शिस्तीत उभा, आणि पुढचा मेंढा माझ्याकडं आता पुढं काय, अशा नजरेनं बघतोय. घोंगडीला मालकाचा वास, घोंगडी निघाली की त्यांनी निघायचं, एवढंच त्यांना माहीत. मी घाईनं चाललो, ती घाईनं आली. मी पळालो, ती पळाली. घोंगडी काढून टाकावी हे काही डोक्यात आलं नाही. कॅमेरा सांभाळायचा की अक्कल? असं करत सगळ्यांना घेऊन मी थेट डांबरी रस्त्यावर. अक्कलकोटला निघालेली एक बस थांबली, उसाचा ट्रॅक्टर थांबला, आणि बसमधल्या लोकांनी खिडकीतून माझे भराभर फोटो काढले. म्हणजे त्या दिवशी वन्यजीव छायाचित्रण झालं, फक्त वन्यजीव मी होतो. माझ्या कॅमेऱ्यात एकच फोटो आलाय, तो एका कोकराच्या नाकपुडीचा आहे.

हरिबा धापा टाकत आला. मला वाटलं, रागवेल. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "सायेब, पैल्यापासनं वरडतोय, घोंगडी टाका, घोंगडी टाका म्हनून. तुमास्नी ऐकू येत न्हाय व्हय?"

चंद्रिका हे वर्षभर आडून सांगते, सोमलिंग हातवारे करून बोलतो, पण तोंडावर असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, वारं होतं. वारं नव्हतं. मग आम्ही दोघं बांधावर बसलो, भाकरी खाल्ली (तुझ्या वाटणीची हरिबानं खाल्ली, चटणी तिखट आहे म्हणाला). तेवढ्यात तो चंडोल परत वर गेला. पडला, सावरला, पडला, सावरला. हरिबा म्हणाला, शीळ लई गोड घालतंय की. मी व्हय म्हणालो. मल्ल्या, मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. नुसतं एक पाखरू आभाळातून पडत होतं आणि परत चढत होतं. मग ध्यानात आलं, आपण बसायचो तेव्हा तू एकदम बोट वर करायचास, म्हणायचास डावीकडं, बाभळीच्या मागं, आणि मी दुर्बीण फिरवून पाखरू धरायचो, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगायचो की नजर लागते, नजर. अरे, दोघं मिळून कसाबसा एक पक्षीनिरीक्षक होत होता. त्यातला ऐकणारा भाग तू केनियाला घेऊन गेलास. तुझ्याशिवाय मला माळावर करमत नाही, आणि घरातही करमत नाही, हे एकदा सरळ लिहून टाकतो.

तरी तू माझी काळजी करू नकोस. तिकडं सुखात राहा. व्हिसा वाढवून मिळत असेल तर जरूर वाढवून घे. येण्याची घाई मुळीच नाही. पाखरं कुठं पळून जात नाहीत. दुर्बीण मी कुणाला तरी देतोच. सर्वांना आशीर्वाद, आणि जिराफाला नमस्कार.

तुझा,
प्रभुलिंग

ता. क. दुर्बीण देणार नाही. लायक माणूस सापडला नाही आणि सापडणारही नाही. तू पाठवतोस त्या व्हिडिओंखाली मी "काय गळा आहे!" असं लिहितो, ते अंदाजानं लिहितो, मला नुसती चोच हललेली दिसते. डोंबाऱ्याचा खेळ अजून काही महिने चालेल. तू ये. काही बोलू नकोस, नुसता शेजारी बस आणि त्यानं शीळ घातली की बोट वर कर. तेवढ्यावर माझं भागेल.

आणखी ता. क. (अण्णा, मी चंद्रिका. फोटो काढायला कागद माझ्याकडं आलाय, म्हणून खाली लिहिते. ह्यांना सांगू नका.) बोट वर करायची काही गरज नाही. कानाचं मशीन दिवाळीतच आणलंय. डॉक्टरांनी घालून दाखवलं तेव्हा ह्यांना बाहेरच्या जिन्यावरची चप्पलसुद्धा ऐकू आली. घरी आल्यावर डबीत घालून कपाटात ठेवलं ते ठेवलंच. घाला म्हटलं की म्हणतात, "मल्ल्या आला की घालतो. तोवर ऐकण्यासारखं हितं आहे काय?" लग्न झाल्यापासून रोज बोलत असलेल्या बायकोला असं म्हणतात. मी रागवायला पाहिजे होतं, अण्णा. रागावले नाही. तुम्ही या.