मोटरच्या खोलीचा वारसदार

लिहून ठेवणार: गोटीराम तुकाराम डेर्ले, वय चौऱ्याहत्तर, धंदा फुलशेती, राहणार सायखेडा, तालुका निफाड, जिल्हा नाशिक.

आधी खुशाली. सखुबाई, आज गुडघा कसा आहे? कुंदन, पित्त कमी झालं का, की अजून उपाशीपोटी चहा ढोसतोस? तृप्ती, इंदिरानगरात तुम्हा सगळ्यांचा खोकला गेला असेल. देवराम, धाकट्या भावा, तुझं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं ऐकतो. तुझी अक्काबाई थेंब वेळेवर घालते ना? वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात असं विचारत नाहीत. मी म्हणालो, ज्यांना देऊन जायचं त्यांची साधी चौकशी न करता कसं द्यायचं?

आता कायद्याचं. मी पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाशिवाय, प्रभू येशूला साक्ष ठेवून हे लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी आजचा वार विचारला; मी वार सांगून झेंडूचा भावही सांगितला.

१. राहतं घर माझी बायको सखुबाई हिच्या हयातीत तिचं. तिला कुणी ऊठ म्हणू नये. तिच्यामागे कुंदनचं. अट एकच: दर बुधवारची प्रार्थना ओट्यावर होत राहावी आणि चहात साखर घालावी. देवाच्या नावानं आलेल्या माणसाला फिका चहा पाजू नये.

२. पतसंस्थेतली ठेव मुलगा कुंदन आणि मुलगी तृप्ती यांना निम्मी निम्मी. मळाही दोघांचा, कसायचा कुंदननं. लेक परक्याचं धन ही म्हण माझ्या घरात चालत नाही.

३. फवारणीचा पंप शेजारी नाथा याने नेला तो नेलाच. आता तो त्याचाच. असं लिहून दिलं म्हणजे माझी क्षमा पुरी झाली आणि त्याचं मला पाहून वाट बदलणं संपलं. नळी मात्र परत करावी, ती मीच उसनी आणलेली आहे.

४. विहिरीवरची मोटरची खोली. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

मला देव हवाच होता. वणीचा गड अनवाणी चढलो, उपास केले, मौन धरलं. (सखुबाई म्हणते, ते दिवस सुखाचे होते.) कुठं हिडीसफिडीस झाली नाही, पण जीव काही निवेना. मग सखुबाई दवाखान्यात असताना शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं येशूची गोष्ट सांगितली. हरवलेल्या मेंढराला धनी स्वतः हुडकायला निघतो, हे ऐकून मी खाली बसलो. इतकी वर्षं मी वणवण करत होतो, आणि तो माझ्याच मागावर होता. माझी शाळा दुसरीत सुटलेली. बियाण्याच्या पाकिटांवर अक्षरं जुळवायला शिकलो, तेवढ्या भांडवलावर शुभवर्तमान वाचत सुटलो.

त्यात आलं की, प्रार्थना करताना खोलीत जावं, दार लावावं. आमच्या घराला आतली खोली एकच, आणि तिला पडदा. कडी असलेली एकांताची जागा म्हणजे ही मोटरची खोली, माझी आणि देवरामची सामाईक. मी पहाटे तिथं कडी लावून बसू लागलो. शेतीची लाइटही पहाटेच यायची, आणि मोटरचं बटन आत. मी आत, देवराम बाहेर, कोबी उन्हात. त्या प्रार्थनेला खोली नव्हे, मन लागतं, हे सांगणारे चर्चचे पाळक मला पुढं भेटले, आणि आधी पोट धरून हसले.

तोवर एका पहाटे देवराम बाहेरून म्हणाला, "दादा, आत देव गावला असंल तर त्याला म्हणावं बटन दाब. कोबी जळाली."

प्रार्थना मध्येच सोडू नये म्हणून मी कडी काढली नाही. त्यानं लाथ घातली, दार माझ्या अंगावर आलं. दाराखालून मी म्हणालो, प्रभू तुझं भलं करो. त्यानं तो जास्तच पेटला.

"तू मला मेलास. तुझ्या मातीला पण येणार नाय मी."

बोलणं तेव्हापासून बंद. पण रविवारी मी उपासनेहून परततो तेव्हा माझ्या झेंडूला पाणी भरलेलं असतं. सखुबाई म्हणते, आपोआप भरलं. पाणी काही एक सरी संपवून स्वतःहून दुसरीत वळत नाही. पाणी वळवायला, दारं धरायला माणूस लागतो.

म्हणून या खोलीतला माझा हिस्सा देवरामला. विहीर दोघांची, पाण्याची पाळी आहे तशीच.

५. माझी माती ख्रिस्ती मंडळीच्या रीतीनं व्हावी. फुलं मळ्यातलीच घ्यावीत. मंडळीतल्या भिमाजींनी गाणं लांबवू नये, लोक उन्हात उभे असतात. प्रत्येकानं मूठमाती द्यावी. मरणाचं मला भय नाही, तिथलं प्रभूनं पाहून ठेवलं आहे. डोळ्यांपुढं येतं ते एवढंच, की सगळे रांगेत आणि देवराम लांब एकटा. तो दिल्या शब्दाचा पक्का. शब्द मोडला तर त्याची मान खाली जाईल. पाळला तर जन्मभर झुरेल. वकीलसाहेब म्हणाले, पाकीट बंद ठेवा. मी एक प्रत आजच त्याच्याकडे धाडतो आहे.

हे वाचून, समजून, राजीखुशीनं सही केली.

ठिकाण: सायखेडा. तारीख: १४ नोव्हेंबर २०२४.
सही: गोटीराम तुकाराम डेर्ले
साक्षीदार: १. झुंबर नारायण कुटे २. अश्विन शांतवन साळवे

देवराम, मातीला येणार नाही म्हणालास, तर नको येऊस. जेवायला ये. गुरुवारी ये, प्रार्थनेचा वार नाही, कुणी तुला गायला बसवणार नाही. बोलायचं जड जात असेल तर चिठ्ठी लिही, पण लवकर लिही. भाकऱ्या किती थापायच्या, सखुबाई विचारते आहे.