अनुराधापूरचं पान

माय,

मी सिलोनला जाऊन आले. आता त्या देशाला श्रीलंका म्हणतात, पण तुझ्या तोंडी ते सिलोनच राहिलं आणि तिथून शिकायला आलेली माझी कॉलेजातली मैत्रीण कायम तुझी 'सिलोनवाली पोरगी'. मी तिला एकच गोष्ट सांगायला गेले होते, की तू गेलीस. दोन वर्षं झाली, पत्रात ते वाक्य माझ्याकडून काही उतरलं नाही. तिच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी मोडक्या देवनागरीत तुझ्यासाठी दोन ओळी असायच्या आणि मी त्या वेड्यासारखी तुझ्या फोटोपुढे मोठ्यानं वाचायची. असं किती दिवस चालवायचं, म्हणून शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी निघाले. मद्रासपर्यंत गाडी, पुढे रामेश्वर, तिथून बोट. समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, पण त्याच्याकडे लक्ष कुठलं! वाटभर ते एक वाक्य घोकत होते.

ती पहिल्यांदा आपल्या घरी आली तो दिवस तुला आठवत असेल. हॉस्टेलचं जेवण तिच्या घशाखाली उतरेना, म्हणून मी तिला ओढून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी आमचा पेपर, म्हणून तू चुलीपाशी बसून माझ्यावरून भिवापूरच्या मिरच्या ओवाळत होतीस. बाबा दारातूनच कुरकुरले, "दीक्षा घेऊन इतके वर्षं झाले, अन् हे अजून दृष्ट काढून राहिली!" तू मानही वळवली नाहीस. "मिरचीले कोनता धर्म असते हो?" म्हणालीस. तिला तेव्हा मराठीचा गंध नव्हता, पण निखाऱ्यावर मिरच्या पडलेल्या पाहून ती एकदम हसली. तिची आईही तिकडे हेच करायची. ती आपण होऊन तुझ्यापुढे येऊन बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत तिचा रविवार तुझ्या चुलीपाशीच गेला, मराठीही ती तिथंच शिकली. परत निघाली तेव्हा तू तिला म्हणालीस, "अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचं एक पान आनजो माह्यासाठी. तोडू नोको, खाली पडलेलं आनजो."

कँडीला तिचं घर डोंगराच्या उतारावर आहे. मी फाटक ढकललं आणि आतून आवाज आला, "आली का वं माये! काहून इतकी वाळली? शाळेतल्या पोट्ट्यायनं खाल्लं का तुले?" माझे पाय तिथंच थांबले. आवाज तुझा होता. तोच हेल, बोलता बोलता मध्येच घसा साफ करायची तीच लकब. वर्गात पुस्तकी मराठी बोलून बोलून मी तुझी बोली घालवून बसले, आणि ती इथं समुद्रापलीकडे एका सिंहली बाईच्या तोंडात जशीच्या तशी नांदत होती. "माय कशी हाय?" तिनं विचारलं. घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हणाले, "बरी आहे."

संध्याकाळी ती मला स्वयंपाकघरात पाटावर बसवते. मिरच्या तिच्या बाजारातल्या, मूठ मात्र तुझ्यासारखी, अंगठा आत घेऊन वळलेली. "डोळे मिट. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, वाटेवरच्याची..." डोळे मिटल्यावर ती तिथं उरतच नाही, तूच असतेस. मिरच्या निखाऱ्यावर पडतात. कुणालाच ठसका लागत नाही. "पाह्य, केवढी नजर होती," तू म्हणतेस. म्हणजे ती म्हणते. धूर झोंबला नव्हता, तरी माझे डोळे गळत होते. मला खरंच भीती वाटली, की आता सांगितलं तर ही रडेल, गप्प होईल आणि मग तुझ्या आवाजात माझ्याशी कुणीच बोलणार नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करत सुट्टी संपत आली.

निघताना तिनं जाड पुस्तकात दाबून ठेवलेलं पान दाखवलं. वाळून नुसत्या शिरा राहिल्या होत्या. मी हात पुढे केला तर तिनं पुस्तक मिटून घेतलं. "तुह्या हाती नाई देत मी. मीच येईन नागपूरले, मायच्या हातात देईन." बंदरापर्यंत ती मला सोडायला आली. मी बोटीत बसले. बोट हलली तरी ती काठावर उभी राहून तुझ्यासाठी काहीतरी निरोप ओरडत होती, तो मला नीट ऐकू आला नाही.

परवा तिचं पत्र आलं. रविवारी ती मद्रासच्या गाडीनं उतरतेय, पान घेऊन. आधी ठरवलं, स्टेशनावरच सांगून मोकळं व्हायचं. मग वाटलं, रिक्षात सांगू. आता वाटतं, घरी आल्यावर. तिनं चप्पल काढता काढता दारातून एकदा "माय, कुठी हाय वं?" म्हणून हाक मारू दे. तुझ्याच आवाजात तुला हाक. तेवढी ऐकली की सांगेन.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं मला ठाऊक नाही, तुझ्या मिरच्यांच्या डब्यात ठेवून देते. आणि माय, आज सकाळी मी तुझ्या फोटोवरचा हार काढून ठेवला.