आवाज सुटेपर्यंत

प्रिय वन्सं,

तुम्ही मोठ्या म्हणून आधी नमस्कार, आणि मी धाकटी म्हणून लगेच तक्रार. गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय हे ठाऊक आहे, पण पत्राच्या शेवटी जिन्याचाच विषय निघणार आहे, तेव्हा शेकत राहा.) इकडे सगळं ठीक, म्हणजे अजून काही पेटलेलं नाही.

तुमच्या बंधुराजांनी डिजिटल स्टिरिओ रिसीव्हर आणलाय. किंमत स्वस्तातली, रुबाब जावयाचा. रेडिओ असो की फोनमधली गाणी, सगळं त्याच्या पोटातून जाऊन दोन स्पीकरांतून बाहेर येतं. पहिल्या दिवशी ऐकलं तर गाणारी बाई डब्यात बसल्यासारखी वाटली. तसं बोलले, तर हे म्हणाले, "अगं, त्याचा ब्रेक-इन व्हायचाय अजून." म्हणजे नवी चप्पल पायाला बसावी लागते, तसं हे यंत्र काही दिवस सतत वाजवायचं, बंद म्हणून करायचं नाही, मग आवाज सुटतो. नाहीच सुटला तर दुकानदार रविवारपर्यंत परत घेणार आहे.

हे सकाळी ते चालू करून वजनकाट्यांच्या कारखान्यात जातात आणि दिवसभर घरात आम्ही दोघंच, मी आणि ते. वन्सं, ते तापतं हो! वर कप ठेवला तर चहा गार व्हायचा नाही. आणि माझं शिवणकाम, खोलीभर लोकांचे पडदे, अस्तरं, चिंध्या. पाय मशीनवर, पण नाक त्या कोपऱ्यात. एकदा जळका वास आला म्हणून बादली घेऊन धावले (दूध उतू गेलं होतं). एका पडद्याची झालर दोनदा उलटी लावली. शेवटी माझा धीर सुटला. यांची पावलं जिन्यावरून उतरली आणि मी बटण बंद केलं.

तेव्हापासून रोज हेच. हे गेले की बंद, जिन्यावर पावलं वाजली की चालू. दुपार कलली की हात शिवणावर, पण कान जिन्याकडे. परवा पावलं ऐकून धावत लावलं, तर वरच्या मजल्यावरचे गृहस्थ निघाले. पुन्हा बंद करते तो हे दारात, आणि माझं बोट बटणावर. "धूळ पुसत होते," मी म्हटलं. हे यंत्राच्या पाठीवर हात ठेवून जरा उभे राहिले, मग म्हणाले, "बस, ऐकू."

मन खातं म्हणून मी रोज संध्याकाळी सुई ठेवून यांच्या शेजारी बसते. इतक्या वर्षांच्या संसारात हातातलं काम टाकून अशी कधी बसले नव्हते. आणि हे डोळे मिटून म्हणतात, "सुटतोय बघ आवाज. कालच्यापेक्षा मोकळा आहे." अहो, कसा होईल मोकळा? दिवसभर झोपलाय तो! केसाएवढ्या फरकावरून काटा नापास करणारा हा माणूस, 'जवळजवळ' हा शब्द जन्मात कधी तोंडातून काढलेला नाही. (खोटं कशाला बोलू, काल मलाही जरा मोकळा वाटला.)

आता रविवारी कारखान्याचे मालक ऐकायला येणार आहेत. "माझ्या कानावर विश्वास ठेवा," असं हे त्यांना सांगून बसलेत. खरं सांगावं तर यांचं तोंड उतरेल, न सांगावं तर मालकांसमोर यांचं हसं होईल. इकडे आड, तिकडे विहीर. रडू येतं हो मला.

तुमची भित्री भावजय

ता. क. खरं काम असं, की शनिवारी या. जिना सावकाश चढा, मी हात देईन. ऐका आणि भावाला ठणकावून सांगा, "आवाज धड नाही, परत कर." तुमचा शब्द हे मोडत नाहीत. यंत्र जाईल आणि माझी चोरीही त्याच्याबरोबर जाईल.

आणखी एक ता. क. घरातला डिंक संपलाय, म्हणून पाकीट चिकटवून टाकायला यांच्याचकडे देतेय. काळजी नको, दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातले हे नाहीत.

ता. क. (तुझ्या भावाकडून) ताई, वाचलं. पहिल्यांदाच असं केलं. यंत्र गार लागतं हे तिने बंद केलं त्याच संध्याकाळी हाताला कळलं होतं. दिवसा बंद असतं तेच बरं, मी तिथले पडदेही हलवतो. आवाज होता तस्साच आहे, डब्यातला. मालकांना येऊ नका म्हणून कळवलंय. यंत्र मात्र परत करायचं नाही. ती रोज शिवण ठेवून शेजारी येऊन बसते गं. शनिवारी ये, ऐक, आणि तिला एवढंच सांग, की आवाज जवळजवळ सुटलाय.