सान रोक्कूचा कुत्रा आणि आमचे कागदी गोळे

प्रिय चेत्तीना आत्या,

आधी आशीर्वाद दे आणि मग पुढे वाच. उलट क्रमानं केलंस तर तो मिळेल याची खात्री नाही. मेलबर्नच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? नेनूकाकांचा खोकला गेला का? त्यांना माझा नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचू नकोस. (ते हसतील. सान रोक्कूच्या, म्हणजे विरोधी आळीत जन्मलेला माणूस दुसरं काय करणार?) इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे आई खुशाल आहे, बाबा माझ्याशी बोलत नाहीत आणि मी कुणाचीही माफी मागणार नाही.

तुझ्या कानावर काय आलं असेल याची मला कल्पना आहे. आपल्या गावातली बातमी चर्चच्या पायरीवरून चौकात जायच्या आत मेलबर्नला पोचते. तेव्हा खरं काय घडलं ते माझ्याकडून ऐक.

तुला माहीतच आहे, मी घरातली पहिली पदवीधर. बाबा गिलाव्याच्या कामावर भेटेल त्याला सांगायचे, "आमची मारिस्टेला पर्यावरण शिकली." ते काय असतं हे कुणी विचारलं नाही, त्यामुळे त्यांचं निभावलं. पण सणाच्या तयारीत माझ्या पदवीला कुणी विचारत नव्हतं. तुझ्या वेळी होतं तसंच अजून आहे. आतषबाजीच्या गोळ्यांची कवचं आपण बायकांनी करायची: कागदाच्या पट्ट्या कापा, खळ लावा, लाकडी साच्यावर थरावर थर चढवा, गच्चीवर वाळवा, नखांतली खळ कोरत बसा. मग पुरुषांनी ती शेतातल्या दारूखान्यात न्यायची, त्यांत शोभेची दारू भरायची आणि आपल्या संताच्या, सान लॉरेन्झच्या सणाला उडवायची. गोळा गोल फुटला की बाबांचं कौतुक, विस्तीनच्या हाताला तोड नाही. वेडावाकडा फुटला की बायकांची खळ पातळ! (तू हे अठरा वर्षांची होईपर्यंत ऐकलंस आणि मग नेनूकाकांशी लग्न करून थेट ऑस्ट्रेलिया गाठलंस. मला एवढ्या लांब जायचं नाही.)

मी बाबांना सरळ म्हटलं, मला दारूखान्यात यायचंय. परवान्याच्या परीक्षेला माझं नाव सुचवा, दारूखान्याचे प्रमुख तुम्हीच आहात. ते म्हणाले, "आधी एक कवच धड करून दाखव, मग बोलू." झालं. मी शब्द धरला.

आता इथं माझं शिक्षण आडवं आलं. आपल्या मंडळात दरवर्षी नवा कोरा कागद विकत आणतात आणि आकाशात फाडून टाकतात, हे मला आधीपासून पटत नव्हतं. अशात सान रोक्कूच्या मंडळानं तळघर साफ केलं आणि जुन्या सणांच्या पुस्तिकांचे गठ्ठे रद्दीसाठी फुटपाथवर ठेवले. आत्या, तो कागद तू बघायला हवा होतास! जाड, चिवट, खळ नुसती पिऊन घेणारा. (मान्य करायला जड जातं, पण छपाईवर ती माणसं खर्च करतात.) प्रत्येक मुखपृष्ठावर काठी-टोपीवाला, गुडघ्यावर जखम असलेला सान रोक्कू आणि शेजारी तोंडात पाव धरलेला त्याचा कुत्रा, रंगीत. मी बाबांची चुन्याची व्हॅन काढली आणि सगळे गठ्ठे उचलून आणले. आईनं खिडकी लावून घेतली. "अगं, आपल्या घरात तो कुत्रा? तुझ्या बापानं बघितलं तर माझ्यावरच भुंकेल!" मी म्हटलं, आई, कागदाला मंडळ नसतं. हे वाक्य मला तेव्हा फार सुंदर वाटलं होतं. अजूनही वाटतं.

आम्ही दोघींनी गच्चीवर कवचं केली. छापलेली बाजू आत, वरून साधा तपकिरी कागद. वाळल्यावर टिचकी मारली की ढोलासारखा आवाज यायचा. बाबांनी एक हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि एकही खोड न काढता खाली ठेवलं. आपल्या घरात हे सुवर्णपदक समजावं.

सणाच्या संध्याकाळी, अजून उजेड असताना, सान लॉरेन्झची मूर्ती चर्चच्या दारातून बाहेर आली. बँड सुरू झाला, बाबांनी हात वर केला आणि माझे गोळे वर गेले. आत्या, ते फुटले! ताटासारखे गोल, एकही कलंडला नाही. आवाज असा, की छातीत दुसरं काळीज बसवल्यासारखं झालं. बाबांनी टोपी काढली. ती ते चर्चमध्येसुद्धा आठवण करून दिल्यावर काढतात.

आणि मग वायव्येचा वारा सुटला.

आतले थर जळतील असं मी धरून चालले होते. ते जळले नाहीत, नुसते सुटले. आपल्या चौकावर, आपल्या बँडवर, आपल्या सणाच्या दिवशी सान रोक्कूचा पाऊस पडायला लागला. कुठं काठी, कुठं टोपी, कुठं गुडघ्यावरची जखम. आणि एक अख्खा कुत्रा, पावासकट, गिरक्या घेत खाली आला आणि सान लॉरेन्झच्या सोनेरी खांद्यावर बसला. मूर्ती खांद्यावर घेतलेल्या माणसांना हात सोडता येईना. बँड थांबला. मग पलीकडच्या आळीच्या गच्च्यांवरून एका सुरात आलं: "भू! भू! भू!" कुणीतरी ओरडलं, "तुमच्या भाजलेल्या संताला राखण पाठवलीय! पाव परत द्या!" (सान लॉरेन्झला शेगडीवर भाजून मारलं, हे ते आपल्याला कधी विसरू देत नाहीत.) गेला आठवडाभर आपलं माणूस त्या आळीतून गेलं, की खिडक्याखिडक्यांतून भुंकणं सुरू होतं. दुधवाल्यानं रस्ता बदललाय.

मंडळाची सभा भरली. अध्यक्ष झारेनकाका टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "पोरीनं उभं राहून माफी मागावी, नाहीतर कवचाच्या टेबलाला हात लावायचा नाही." आणि बाबांकडे वळून, "विस्तीन, मुली शिकवल्या की असं होतं बघ!" बाबा हातावरचा चुना खरवडत बसले. मी उभी राहिले, पण माफीसाठी नाही. मी आपल्या चर्चच्या दुन ज्वाक्कीनना विचारलं, "फादर, आशीर्वाद दिलेलं संताचं जुनं चित्र कचऱ्यात टाकायचं की आदरानं जाळायचं?" ते म्हणाले, "जाळायचं." मी म्हटलं, "मग सान रोक्कूचे लोक ते रद्दीत टाकत होते. मी ती चित्रं जाळायला वर नेली, बँडच्या साथीनं, अख्खं गाव मान वर करून बघत असताना. याहून जास्त आदर कुणी दिलाय?" दुन ज्वाक्कीनना एकदम खोकला आला आणि तो सभा संपेपर्यंत टिकला. झारेनकाका म्हणाले, "माफी!" मी म्हटलं, मागेन, पण त्या कुत्र्याची. बिचाऱ्याला न विचारता उडवलं.

तर आत्या, मला टेबलावरून काढलंय, आणि मी हटणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. त्या पुस्तिकांचं एक पानही मी पुन्हा शिवणार नाही असं वचन झारेनकाकांनी मागितलं, तेही मी दिलं नाही.

तुझी, न वाकलेली भाची,
मारिस्टेला

ता. क. हे पत्र टाकायचं राहूनच गेलं होतं. परवा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. बाबा आले. माझ्याकडे न बघता, कबुतरांशी बोलल्यासारखं म्हणाले, "तो कागद... उरलाय का थोडा?" मी म्हटलं, संपला. "नुसती जाहिरातींची पानं चालतील? खाटकाची वगैरे? संत नकोत." मी म्हटलं, कुठून मिळेल ते मला ठाऊक आहे, पण मी ते दारूखान्याच्या आत उभी राहून सांगेन. त्यांनी गच्चीला दोन फेऱ्या घातल्या. "तुझी आत्याही अशीच होती," म्हणाले, आणि संध्याकाळी परीक्षेसाठी माझं नाव देऊन आले. झारेनकाकांना त्यांनी काय सांगितलं माहीत नाही, पण माफीचा विषय आता कुणी काढत नाही. गोल गोळा सगळ्यांनाच हवाय.

ता. क. २. आता मुद्द्याचं. नेनूकाका सान रोक्कू मंडळाचे आजीव सभासद आहेत ना? त्यांनी एवढंच कळवायचं, की मेलबर्नमधल्या गाववाल्यांना जुन्या पुस्तिकांची फार ओढ लागलीय, मोठी पेटी पाठवा. पेटी आली की तू ती इकडे पाठव. काकांना कारण सांगू नकोस. मुखपृष्ठं तेवढी काढून तुझ्याजवळ ठेव.

ता. क. ३. एक मुखपृष्ठ मात्र राहू दे. मी स्वतः भरलेल्या पहिल्या गोळ्यात तो कुत्रा घालणार आहे. त्या दिवशी वारा उलटा असला, तर तो त्याच्या आळीत, त्याच्या माणसांत परत जाईल. पाव आम्ही ठेवून घेऊ.