त्रेचाळीस पडद्यांचा साईटमॅप

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार

गुणवंतराव, तुमची साईट पाहिली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत! नागपूरच्या माणसाकडून इंग्रजीत करून घेतली, उघडताच ऑर्गन वाजतो. आणि वरच आमचा दरबाराचा पडदा. खाली नाव तुमच्या नाटक कंपनीचं. फक्त कंपनीचं.

दुपारी गुणवंतराव मी काम करते त्या डीटीपीच्या दुकानात आले, दिवाळीनंतरच्या नाटकांची हँडबिलं टाइप करून घ्यायला. विचारलंच मी, "भाऊ, पडदा आमच्या घरचा, अब्बांचं नाव काऊन नाई टाकलं?" हसले. "पडद्यावर कोनाचं नाव असते का, अंजुम? लोक नटी पाहाले येतात. अन् आता तं फ्लेक्सच चालते."

तीस वर्षं या वडसा भागातल्या झाडीपट्टी नाटकांच्या कंपन्यांनी अब्बांचे, म्हणजे शफी पेंटरचे, पडदे भाड्याने नेले. गावोगावच्या नाटकांत मागे आमचा राजवाडा, आमचं जंगल. नाव कुठेच नाही. यंदा एकही पडदा घराबाहेर गेला नाही, आणि फुकटात फोटो मात्र साईटवर!

मी साईट करणार. पाच वर्षं डीटीपी करते आहे, साईट काय आभाळातून पडते?

१३ नोव्हेंबर

अब्बा म्हणाले, "माह्यं नाव कायले पाह्यजे नेटवर? राहू दे." राहू देणार नाही!

२१ नोव्हेंबर

त्रेचाळीस पडदे. टिनाच्या शेडमधून एकेक काढून अंगणात उलगडले आणि फोटो काढले. एक टोक अम्मीने धरलं, एक अब्बांनी. धुळीने तिघांच्या नाकातोंडाची वाट लागली. दरबार, तुरुंग, झोपडी, रस्ता, नदीचा घाट. नुसती जंगलंच सात!

प्रत्येक पडद्याला वेगळं पान द्यायचं. अब्बांना प्रश्न विचारून विचारून वही भरली. कापड कोणतं? मांजरपाट. रंगात सरस किती? रंग किती वेळ भिजवायचा? कोणत्या गावात पहिल्यांदा लागला? सगळं तोंडपाठ आहे त्यांना. पण "हे झाड असंच काऊन काढलं?" विचारलं की म्हणायचे, "झाड तं झाड असते." शेवटी कंटाळून नमाजाला अर्धा तास आधीच निघून गेले.

२९ नोव्हेंबर

साईट चढली! अब्बांचं नाव, गावाचं नाव, पडदे — सगळं घालून गुगलवर शोधलं. कुठलातरी टायरवाला आला. पडद्यांसाठी गुणवंतराव पहिले. आम्ही नाहीच. पाचव्या पानावर नाही, दहाव्या पानावरही नाही.

दुकानाचे मालक म्हणाले, "तुही साईट तुह्याच कॉम्प्युटरवर दिसते वाटते." हसा, हसा.

३ डिसेंबर

कारण सापडलं! शोधणारं यंत्र एका साईटवरून दुसरीवर दुव्यांच्या वाटेने फिरतं. आमच्याकडे कोणाचाच दुवा नाही, म्हणजे वाटच नाही. मग आपणच साईटमॅप पाठवायचा — साईटमधल्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, पान शेवटचं कधी बदललं त्या तारखेसह. इथे इथे आम्ही आहोत, या आणि पाहून जा.

नोटपॅडमध्ये हाताने लिहायला बसले. त्रेचाळीस पडदे आणि मुखपृष्ठ, चव्वेचाळीस पत्ते. एकोणतिसाव्या पत्त्यावर लाइट गेली. सेव्ह केलं नव्हतं. लोडशेडिंगची वेळ भिंतीवर लिहून ठेवली आहे, तरी मी गाढव! लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

४ डिसेंबर

चढवला. एका ओळीत कंस राहिला म्हणून परत आला. कंस घातला. स्वीकारला!!

१५ डिसेंबर

चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस पानं नोंदली गेली म्हणे. आणि अब्बांचं नाव टाकलं तर अजून टायरवालाच! नोंदली तर गेली कुठे?

१६ डिसेंबर

मयुरीचा फोन. शाळेपासूनची मैत्रीण, आता नागपुरात एमसीए करते. तिला साईट बघायला सांगितलं होतं. म्हणाली, "फोटो मस्त हाय, पन खाली काय लिवून ठेवलं? एबीसीडीचा चिवडा हाय नुसता."

फोन ठेवला. मग डोकं धरून बसले. सगळी पानं मी दुकानातल्या फाँटमध्ये टाइप केली! हँडबिल, लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती सगळं त्यातच करते, आणि छापून येतं मराठीच. पण तो फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे. ज्याच्याकडे फाँट नाही त्याला आतली अक्षरं दिसतात. गुगलने बिचाऱ्याने पत्ता वाचला, दारात आलं, आणि चव्वेचाळीस पानं चिवडा नोंदवून गेलं.

आता युनिकोड. मशीनमध्ये मराठी चालू करायला विंडोजची सीडी लागते, कीबोर्ड वेगळा, बोटं पुन्हा पहिलीत. मालक म्हणाले, "सारं पुन्हा टाइप करतं? येडी झाली का?"

हो, झाले!

२१ डिसेंबर, बकरी ईद

घर पाहुण्यांनी भरलं होतं. दुपारी तासभर दुकान गाठून दोन पानं केलीच.

५ जानेवारी २००८

झाली! त्रेचाळीसही पानं नव्याने. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ठळक, मराठीत आणि इंग्रजीतही — चित्रकार शफी पेंटर, वडसा. साईटमॅपमध्ये सगळ्या तारखा बदलल्या, म्हणजे यंत्राला कळेल की माल नवा आहे, आणि परत पाठवला.

घरी सांगितलं तर अब्बा म्हणाले, "नाव काढून टाक ना, बेटा." माझं डोकंच फिरलं. "गुणवंतरावले भेता का तुमी? जनमभर भेतच राह्यले!" असं तोंडावर बोलले. आतून अम्मी म्हणाली, "टाकू द्या तिले. येवढी मेहनत करून राह्यली."

नंतर वाईट वाटलं. पण नाव काढणार नाही.

१९ जानेवारी

पहिले! "झाडीपट्टी पडदे" मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं — आम्ही पहिले, गुणवंतराव खाली! "शफी पेंटर" टाकलं — आम्हीच, पान भरून! टायरवाला कुठल्या कुठे गेला. खुर्चीवरून उठून नाचावंसं वाटलं. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून नाचले नाही.

आणि नेमके गुणवंतराव आले. मी मॉनिटरच फिरवला त्यांच्याकडे. "पाहा, भाऊ." चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "आँ! माह्या साईटच्या वर?" मग म्हणाले, "बरं बाई, मी बी नाव टाकतो त्याचं. झालं समाधान?" झालं!

रात्री जेवताना सांगितलं. अब्बा ताटावरून उठून गेले. आनंद झाला असेल, दाखवायचा नसेल. अम्मीने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाली, "चांगलं केलं."

२३ जानेवारी

साईटवरून पहिला मेल. श्रावण नावाचे गृहस्थ, पूर्वी गुणवंतरावांच्या कंपनीत ऑर्गन वाजवायचे, आता भिलाईला मुलाकडे असतात. मुलाकडून लिहून घेतलं आहे. "पोरी, घाटाचा पडदा पाह्यला अन् ओळखला. तो न्याले मीच आलो होतो. तवा वहिनी गुडघ्यावर बसून पाणी रंगवत होती, शफीभाऊ रंग कालवून देत होता. सारे पडदे तिचेच. बाईमानसाचं नाव कंपनीत नको, कोनाले सांगू नको, म्हनला होता तो. मी नाई सांगितलं. आता तू लिवूनच राह्यली, तं बरोबर लिव."

घरी जाऊन मोठ्याने वाचला. अब्बा खाली मान घालून म्हणाले, "खरं हाय." मी अम्मीला विचारलं, सांगितलं का नाही? तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तू तं तुह्या अब्बालेच इचारत होती."

गुणवंतरावांनी तिचं नाव लावलं नव्हतं, एवढंच. त्या जागी दुसऱ्याचं लावलं ते मी. त्रेचाळीस पानांवर, दोनदा टाइप करून.