साहेबांची पन्नास जीबी

मंगळवार, संध्याकाळ. महाळुंगे.

कंपनीतल्या क्वालिटी खात्याच्या साहेबांची मेलची फाइल पन्नास जीबीला भरली, नवे मेल येईनात. साहेब म्हणाले, "एकही उडवू नकोस रे. कस्टमरनं बोट दाखवलं तर पुरावा पाहिजे." मग मी रजिस्ट्रीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या सेटिंगांत जाऊन मर्यादा शंभर जीबी केली.

फाइल धड चालते का बघायला माझंच नाव शोधलं. दोन वर्षांपूर्वीचा माझा मेल निघाला: कंत्राटी आयटीवाला आहे, परमनंट करा. अजून ठळक अक्षरांत, म्हणजे उघडलेलाच नाही. आणि विचारलं की साहेब म्हणायचे, "वाचला, वर पाठवलाय." ठळक अक्षरांत! मी मूर्ख, दोन दिवाळ्या वाट बघितली.

"झाली का जागा?" साहेबांनी मागून विचारलं.

झाली म्हटलं. माझा मेल न वाचता सांभाळायला आणखी पन्नास जीबी मीच करून दिली.